यंत्र आणि अंकुश

जुलमी राजसत्ता पृथ्वीवर नवी नाही. परंतु यंत्रयुगापूर्वीच्या कोणत्याही सत्तेला आपल्या प्रजेवर अष्टौप्रहर नजर ठेवता आली नाही, आणि याचे कारण सत्ताधीशांच्या अंतःकरणातील दया हे नसून त्यांच्या चाकरांचे दौर्बल्य हे होते. हेराला झोप येई, हरकारा वाटेत रेंगाळे, अंमलदार लाच घेऊन डोळेझाक करी आणि दप्तरातील कागदाला वाळवी लागे. मनुष्यस्वभावाच्या या उणिवांच्या आश्रयानेच प्रजेचे पुष्कळसे स्वातंत्र्य टिकून राहिले होते. हा आश्रय नाहीसा झाला तर मनुष्याचे काय होईल, हाच विसाव्या शतकातील दुःस्वप्नवत् भविष्यकथांचा खरा विषय आहे.

या परंपरेचा एक आद्य प्रवर्तक येवगेनी झाम्यातिन हा रशियन लेखक पेशाने जहाजबांधणीचा अभियंता होता आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात रशियासाठी इंग्लंडमध्ये बांधल्या जाणाऱ्या, बर्फ फोडणाऱ्या जहाजांवर त्याने देखरेख केली होती. त्यामुळे यंत्राविषयीच्या अज्ञानातून त्याने लिहिले असे म्हणण्यास जागा नाही. १९२०-२१ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आम्ही’ या त्याच्या कादंबरीतील नागरिकांना नावे नाहीत, क्रमांक आहेत; घरांच्या भिंती काचेच्या आहेत आणि पडदे ओढण्याची मुभा गुलाबी चिठ्ठीच्या परवान्याने, नेमून दिलेल्या वेळेपुरतीच मिळते. अखेर शासन क्ष-किरणांनी मेंदूतील कल्पनाशक्तीच नष्ट करते, आणि कथानायक आपल्या प्रेयसीचा छळ निर्विकारपणे पाहत बसतो. १९२४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेले हे पुस्तक लेखकाच्या मायदेशी छापले जाण्यास १९८८ साल उजाडले.

१९३२ मध्ये अल्डस हक्स्लीने आपल्या कादंबरीत याहून सूक्ष्म बंदोबस्त कल्पिला. त्याच्या जगात माणसे बाटल्यांत निपजतात, एकाच बीजांडापासून शहाण्णवपर्यंत एकसारखे जीव तयार करता येतात, निद्रिस्त बालकांच्या कानी तीच ती वचने घालून त्यांची मते घडविली जातात आणि एवढ्यानेही मनात खिन्नता उरलीच, तर ‘सोमा’ नामक गोळी तिचा परिहार करते. येथे बंड मोडून काढावे लागत नाही. बंड करणारे मन जन्मासच येऊ नये अशी तजवीज केलेली असते, आणि म्हणून तुरुंगाची भिंत कोठे आहे हे कैद्याला उमगतच नाही.

जॉर्ज ऑर्वेलचा मार्ग निराळा. मोतीहारीस जन्मलेल्या आणि १९२२ ते १९२७ या काळात ब्रह्मदेशात साम्राज्याच्या पोलीस खात्यात नोकरी केलेल्या या लेखकाने दंडसत्तेचे कामकाज आतून पाहिले होते. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कादंबरीतील दूरचित्रपट एकाच वेळी चित्रे दाखवितो आणि पाहणाऱ्यालाही पाहतो. आपणांवर या क्षणी नजर आहे की नाही हे तेथील सत्ताधारी पक्षाच्या सदस्याला कधीच कळत नाही, म्हणून ती सदैव आहे असे समजूनच तो वागतो आणि हळूहळू स्वतःच स्वतःचा पहारेकरी होतो. पूर्वीच्या कोणत्याही शासनापाशी नागरिकांवर अखंड पाळत ठेवण्याचे सामर्थ्य नव्हते, हा विचार ऑर्वेलने त्याच कादंबरीतील एका निषिद्ध ग्रंथात स्पष्ट मांडला आहे.

यावर असे म्हटले जाते की, यंत्र हे शस्त्राप्रमाणे निर्दोष असते. दोष ते वापरणाऱ्या हाताचा. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. शस्त्र उचलणारा हात थकतो, कचरतो, प्रसंगी त्याला दयाही येते; स्वयंचलित पाळतीला थकवा नाही, संकोच नाही आणि विस्मृतीही नाही. दुष्ट हेतू जुनाच असला तरी त्याला आवर घालणारा मानवी अंकुश गळून पडतो, आणि हा केवळ साधनातला फरक नसून सत्तेच्या स्वरूपातलाच फरक होय.

तेव्हा निसर्गाने घातलेली जी मर्यादा यंत्राने दूर केली, ती आता कायद्याने आणि लोकमताच्या जागरूकतेने पुन्हा घालावी लागेल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला, हा त्या दिशेने झालेला मोलाचा आरंभ आहे. परंतु न्यायालयाने मान्य केलेला हक्क नागरिकाने बजावला नाही तर तो निकालपत्रातच राहतो. म्हणून कोणत्याही नव्या साधनाच्या सोयीने हरखून जाण्यापूर्वी वाचकाने तीन प्रश्न विचारावेत: याची नोंद कोणाच्या दप्तरी जाते, अन्याय झाल्यास दाद कोणाकडे मागावयाची, आणि हे बंद करण्याचा अधिकार माझ्या हाती आहे काय? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत आपली संमती देऊ नये.