सूची करणाऱ्या बाईची नजर

इंग्रज कादंबरीकार बार्बरा पिमची गोष्ट सहसा शेवटाकडून सांगतात. 1977 साली ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ने उपेक्षित लेखकांबद्दल कौल घेतला. कवी फिलिप लार्किन आणि समीक्षक लॉर्ड डेव्हिड सेसिल या दोघांनीही तिचं नाव घेतलं, आणि त्याच वर्षी ती बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोचली. गोष्ट खरी आहे; पण तिच्यातलं सगळं श्रेय दोन पुरुषांच्या पदरात पडतं, हे मला खटकतं.

मला महत्त्वाची वाटते ती लंडनच्या इंटरनॅशनल आफ्रिकन इन्स्टिट्यूटमधली तिची नोकरी. दुसऱ्या महायुद्धानंतर ती तिथे लागली आणि 1974 साली निवृत्त झाली. मानववंशशास्त्रज्ञ आफ्रिकेतल्या लोकांच्या चालीरीती टिपून आणत. त्यांचे लेख छपाईलायक करणं हे तिचं काम. दुसऱ्यांची निरीक्षणं घासूनपुसून देता देता तिने तीच नजर इंग्रजांवर रोखली. चर्चसाठी भरणारा जुन्या वस्तूंचा बाजार, चहा ओतण्याचा मान, अविवाहित धर्मगुरूंची काळजी वाहणाऱ्या बायका, हेही एका जमातीचे रीतिरिवाजच की!

‘एक्सलंट विमेन’ (1952) मधली मिल्ड्रेड ही धर्मगुरूची मुलगी, तिशी ओलांडलेली, अविवाहित. एक मानववंशशास्त्रज्ञ तिला जेवायला बोलावतो. आणि पुढे येतं काय? त्याच्या पुस्तकाची प्रूफं तपासायचं आणि सूची करायचं काम. विद्वत्तेमागे कोणाचे कष्ट असतात, हे पिमला स्वतःच्या कामाच्या टेबलावरूनच ठाऊक होतं. विनोद इतका सौम्य, की त्यातला डंख उशिरा जाणवतो.

तिच्या सहा कादंबऱ्या छापणाऱ्या जोनाथन केप या प्रकाशनसंस्थेने 1963 साली सातवी नाकारली. पुढे चौदा वर्षं तिची एकही कादंबरी निघाली नाही. लिहिणं मात्र चालूच होतं. त्या काळातूनच ‘क्वार्टेट इन ऑटम’ आली. तिच्यात विनोद आटलाय, आणि मला ती त्यामुळेच सर्वांत सरस वाटते. (नकाराने लेखिकेचं भलं झालं, असं मात्र कोणी म्हणू नये.) एकाच कचेरीत काम करणारी चार एकाकी माणसं. त्यातली मार्सिया दुधाच्या रिकाम्या बाटल्या साठवत राहते. तिच्या आणि चौघांतल्याच लेटीच्या निरोपसमारंभात भाषण करणाऱ्या साहेबाला या दोघी नेमकं काय काम करत होत्या, याचा धड पत्ता नसतो. पिम ते वाचकालाही सांगत नाही.