आईचं नाव लिहू का?

देव आहे की नाही, हे विचारायला माझ्याकडे आजवर फार थोडे लोक आले. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत फादर म्हणून राहणाऱ्याला लोक वेगळंच विचारतात. पोर का गेलं? दारू न सोडणाऱ्या नवऱ्याला अजून किती क्षमा करायची? आणि सगळे पांगल्यावर, इकडेतिकडे बघून: बाप्तिस्मा न घेता गेलेली आमची माणसं कुठं असतील?

आमच्याकडे हा प्रश्न पुस्तकातला नाही. वसईतल्या, गोव्यातल्या कितीतरी घराण्यांना ख्रिस्ती होऊन चारशे वर्षं उलटून गेली. इकडे कुणाचा आजा ख्रिस्ती झाला, कुणाचा बाप, आणि भावकी आहे तिथंच राहिली. एकाच वाड्यात एका दारावर क्रूस, शेजारच्या दारापुढं तुळस. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला येणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि इतर किती, हे कुणी विचारत बसत नाही. जगताना ही सरमिसळ कुणाला टोचत नाही. मरण आलं की टोचते.

2 नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्याच्या आधी लोक पाकिटातून चिठ्ठी देतात, घरातल्या गेलेल्यांची नावं लिहून. मिस्सात त्यांच्यासाठी प्रार्थना होते. एका वर्षी सत्तरीतले एक शेतकरी पाकीट हातात धरूनच उभे राहिले. आत वहीचं फाडलेलं पान होतं. त्यावर तीन नावं, आणि खाली 4 हा आकडा घालून पुढं काहीच नाही.

“फादर, आईचं लिवायचं ऱ्हायलंय. ती माळकरी होती, पंढरीला जायची. लिवलं तर चालंल का?”

“लिहा, बाबा,” मी म्हणालो आणि पेन दिलं. हे सांगायला मला विचार करावा लागला नाही. चर्चच्या 1983 च्या कायद्यातलं कलम 901 स्पष्ट आहे: जिवंत असो वा मृत, धर्मगुरू कुणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतो. त्यांनी एकेक अक्षर जपून नाव लिहिलं, पान घडी करून पाकिटात सरकवलं, आणि मग खरा प्रश्न आला. “पर पोचंल का तिला?”

याला कलम नाही.

संत फ्रान्सिस झेवियर यांना हाच प्रश्न जपानमध्ये विचारला गेला होता. 15 ऑगस्ट 1549 रोजी ते कागोशिमाला उतरले. 1552 च्या जानेवारीत कोचीनहून युरोपातल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तिथली हकिगत सांगितली आहे. नवे ख्रिस्ती झालेले जपानी विचारत, आमचे आईबाप, पूर्वज नरकात असतील तर दानधर्माने, प्रार्थनेने त्यांना सोडवता येईल का? झेवियर यांनी सांगितलं, उपाय नाही. ती माणसं रडत राहिली. आपल्या मित्रांचं ते रडणं पाहून आपल्यालाही दुःख होतं, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्यांच्या काळाने त्यांना दिलेलं उत्तर त्यांनी दिलं, पण त्या उत्तराने त्यांचंही मन निवलं नाही. जुन्या गोव्यात त्यांच्या शवापुढं गुडघे टेकताना मला हटकून ते रडणारे लोक आठवतात.

त्याच पत्रात आणखी एक प्रसंग आहे, त्याकडे मात्र फार कुणी लक्ष देत नाही. तुमचा देव इतका चांगला, तर तुम्ही येईपर्यंत त्याने आम्हाला का अंधारात ठेवलं, असं जपान्यांनी विचारलं. झेवियर म्हणाले, चीनमधून धर्मशास्त्रं यायच्या आधीही खून वाईट, चोरी वाईट हे तुम्हाला कळत होतंच की! ते देवानेच तुमच्या मनात लिहिलं होतं. माझ्या मते, आधीच्या प्रश्नाचं उत्तर इथंच होतं. देव ज्यांच्या अंतःकरणात आधीपासून बोलत होता, त्यांना त्याने वाऱ्यावर सोडलं असं कसं म्हणायचं?

चर्चने 1964 मध्ये हे परिषदेच्या दस्तऐवजात स्पष्टपणे मांडलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘लुमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजाच्या सोळाव्या परिच्छेदाचा आशय असा, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. चर्चने अनेकांना संत म्हणून घोषित केलं आहे. अमुक माणूस नरकात गेला, असं नाव घेऊन एकदाही सांगितलेलं नाही.

पण हे सगळं किती जणांपर्यंत पोचलं? माझं खरं दुखणं तेच आहे. काही प्रचारक मयताच्या घरात बसून नरकाचं वर्णन करतात. मला त्याची चीड येते. आणि आम्ही शिकलेले धर्मगुरू “देव दयाळू आहे, काळजी करू नका” म्हणून चहाचा कप खाली ठेवतो आणि निघतो. तेही मला तितकंच कठोर वाटतं, कारण विचारणाऱ्याला वर्षानुवर्षं छळणाऱ्या प्रश्नाला आपण पाच मिनिटंही देत नाही. लाजरस वारला तेव्हा मार्था आणि मरिया या दोघी बहिणींनी येशूला एकच गाऱ्हाणं सांगितलं, तुम्ही इथं असता तर भाऊ गेला नसता. मार्थाशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला. मरियेपुढं तो रडला. सेमिनरीत आम्हाला मार्थाचं उत्तर पाठ असतं. मरिया समोर आली की आम्ही मार्थाचंच उत्तर देतो.

त्या बाबांना मी आईबद्दल विचारलं. ती पहाटे उठून हरिपाठ म्हणायची, दारात आलेल्याला उपाशी जाऊ द्यायची नाही. “हात जोडायला तिनंच शिकवलं, फादर. पुढं येशूपुढं जोडले, पर शिकवलं तिनं.” मी म्हणालो, तिचा हिशेब माझ्याकडे नाही, देवाकडे आहे. पण तुमच्या जोडलेल्या हातांत तिची प्रार्थना आहे, आणि ज्याने ती आजवर ऐकली तो तिला ओळखत नसेल, असं मला म्हणवत नाही. आपण मिस्सा करू, आणि ती पोचेल या आशेनेच करू.

त्यांचा नातू सोबत होता, कॉलेजात शिकणारा. त्याने सरळ विचारलं, “मग आजोबांनी ख्रिस्ती व्हायचंच कशाला?” त्याच्या प्रश्नाने मला आनंदच झाला. मी त्याला म्हणालो, नरकाला भिऊन झाले असते तर पणजीचं नाव घेऊन आज इथं उभे राहिले नसते. ते का झाले, हे तू त्यांनाच विचार. मीही ऐकायला बसतो.