‘नवबौद्ध’ : जोडून की तोडून?

‘नवबौद्ध’ जोडून लिहायचा, तोडून लिहायचा, की मध्ये रेघ मारायची? आपल्या अंकांत तिन्ही तऱ्हा सापडतात. दोस्तहो, तुम्ही म्हणाल, हे मास्तरकीचं दुखणं. मला हा माणसाच्या नावाचा प्रश्न वाटतो.

मराठीचा रिवाज साधा आहे : समास झाला की शब्द जोडून लिहा. पण जोडल्यावर काय होतं ते पाहा. नवा माणूस, नवी बाई, नवे लोक. सुटं विशेषण माणसागणिक बदलतं, आणि जुनं झालं की गळून पडतं. जोडलेलं ‘नव’ बदलत नाही, गळतही नाही. नववधू पुढं सासू होते, तेव्हा तिला कोणी नववधू म्हणत नाही. पण १९५६ साली नागपुरात दीक्षा घेतलेल्याचा पणतू, जन्मानंच बौद्ध, कागदावर अजून नवाच! वाशिम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून निघाला. त्याला कोणी ‘नववाशिम’ म्हणते काय?

कोणी म्हणेल, ‘नवयान’ शब्द आपलाच ना? आहे. पण तिथं ‘नव’ वाटेला लागतो, चालणाऱ्याला नाही.

दुसरा म्हणेल, सवलत त्या शब्दावर आहे. याला मी हसणार नाही, पोटाची गोष्ट आहे. १९६० साली राज्यानं धर्मांतरितांना सवलती दिल्या, तेव्हा त्यांना ओळखायला शब्द लागत होता. पण १९९० साली केंद्रानं अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती केली. तिथं हिंदू, शीख यांच्या पंक्तीत नुसतं ‘बौद्ध’ आहे. मग शासकीय निवासी शाळांच्या पाट्यांवर ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ कशापायी? लेकराला रोज त्या पाटीखालून जावं लागते.

‘जय भीम’चंही असंच. तोडून लिहिलं तर ते दोघांमधलं बोलणं आहे, एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. आपणही प्रेमानं जोडतो, खरं आहे. पण गावानं जोडलं की, “कोण हायेत ते?” “जयभीमवाले हायेत.” झाली जात विचारून.

तेव्हा अंकासाठी माझी सूचना : ‘जय भीम’ तोडून. ‘बौद्ध’ नुसतं. ‘नवबौद्ध’ फक्त सरकारी नाव देताना, अवतरणचिन्हांत, पाटीवर आहे तसं. रेघ कुठंच नको. पाट्यांबद्दल अर्ज कोणाच्या सहीनं द्यायचा, ते पुढल्या बैठकीत ठरवू.