उतारावरचं डिझेल

पुण्यात नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलेला ट्रक थेट नवले पुलापर्यंत उताराला लागतो. साताऱ्याकडून रात्रभर गाडी चालवत आलेल्या चालकाला इथे गाडी न्यूट्रल करण्याचा मोह होतो. गीअर काढला की वीस-पंचवीस टनांचा माल आपल्याच वजनानं पळू लागतो. काही जण इंजिनही बंद करतात. त्यातून वाचतं ते थोडंसं डिझेल.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका मालट्रकनं एकामागोमाग अनेक वाहनांना धडक दिली. डिझेल वाचवण्यासाठी चालकानं उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच भागात एक मोटार दोन अवजड वाहनांमध्ये चिरडली आणि पेटली. मधल्या काळात रम्बलर लागले, कॅमेरे आले, वेगमर्यादा उतरल्या. उतार तोच आहे आणि डिझेलचा हिशेबही तोच.

अशा अपघातानंतर बातमीत 'ब्रेक फेल' एवढंच येतं. पण ब्रेक पुष्कळदा आपणहून फेल होत नाहीत. गाडी गीअरमध्ये असेल तर इंजिन तिला मागे धरून ठेवतं. न्यूट्रल केली की सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. पुन्हा पुन्हा ब्रेक दाबल्यानं ड्रम तापतात आणि लायनरची पकड सुटते. एअर ब्रेकला लागणारी हवा कॉम्प्रेसर भरतो आणि तो चालतो इंजिनावर. इंजिनच बंद असेल, तर प्रत्येक ब्रेकला संपणारी हवा परत भरली जात नाही. स्टीअरिंगही जड होतं. चालक घाबरून गीअर टाकायला जातो, पण त्या वेगात तो पडत नाही. ज्या गीअरमध्ये घाट चढायचा त्याच गीअरमध्ये उतरायचा, हे जुने ड्रायव्हर क्लीनरला पहिल्याच फेऱ्यांत शिकवत आले आहेत. म्हणजे अज्ञान हे कारण पुरत नाही. गीअर काढणारा हात चालकाचाच आहे, आणि खाली आंबेगाव-नऱ्ह्याच्या चौकांत दुचाकीवर घरी निघालेली माणसं आहेत हे त्याला ठाऊक आहे. त्याच्या गरिबीबद्दल मला कळवळा आहे, पण म्हणून या जबाबदारीतून त्याला सोडता येणार नाही.

मात्र त्याला तिथेच एकटं सोडून आपण घरी जातो, हे मला फार खुपतं. अनेक ठिकाणी फेरीला डिझेल मोजून दिलं जातं. कमी पडलं तर चालकाच्या भत्त्यातून जातं, उरलं तर त्याच्या खिशात. हा हिशेब गाडी निघण्याआधीच, गाडीत न बसणाऱ्या माणसानं मांडलेला असतो. माल सकाळी पोचलाच पाहिजे ही अटही त्याचीच. चालकानं दिवसाला आठ तास काम करावं आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती घ्यावी, ही मर्यादा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं घालून दिली होती. तेव्हापासून किती फेऱ्या त्या मर्यादेत बसल्या असतील? केबिनमध्ये एसी सक्तीचा व्हायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला, तोही फक्त नव्या गाड्यांसाठी. तापलेल्या इंजिनाशेजारी बसून, झोप आवरत माल आणणाऱ्या माणसाकडून आपण शांत डोक्याची अपेक्षा करतो, आणि तो माल आपल्याच दुकानांत उतरतो.

रस्त्यावरचं आपलं वागणंही धड नसतं. भरलेला ट्रक मोटारीसारखा जागच्या जागी थांबत नाही, म्हणून समजूतदार चालक पुढे अंतर राखतो. ती मोकळी जागा दिसली की आपण डावीकडून घुसतो. उंच केबिनमधून बंपरला लागून असलेला दुचाकीस्वार दिसत नाही, हे बहुतेक दुचाकीस्वारांना कुणी सांगितलेलंही नसतं. लायसन्सच्या परीक्षेच्या वेळी प्रत्येक उमेदवाराला एकदा ट्रकच्या केबिनमध्ये बसवून समोरचा रस्ता दाखवावा, असं मला मनापासून वाटतं.

अपघातानंतर गुन्हा चालकावर दाखल होतो आणि बहुतेक वेळा चौकशी तिथेच संपते. ती मागे जायला हवी. गाडी कधी निघाली, चालक शेवटचा कधी झोपला, डिझेल किती मोजून दिलं होतं, लायनर कधी बदलले, वजनकाट्याची पावती काय सांगते, हे सगळं तपासाच्या कागदांत आलं पाहिजे. मोजून दिलेल्या डिझेलात घाट गीअरमध्ये उतरणं परवडत नसेल, तर ते माप ठरवणाऱ्यालाही ठाण्यात बोलावून जबाब घ्यावा.