टेलच्या पाण्याची कसोटी

नगर जिल्ह्यातल्या मिरजगावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर पाण्याबद्दल कुणी उगाच बोलत नाही. कुकडी कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, भोसे खिंडीतून सीना धरणात पाणी कधी येणार, वरच्या तालुक्यांनी घेतल्यावर टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, काय उरणार, हे विषय नगर-सोलापूर रस्त्यालगतच्या चहाच्या टपरीवर निघाले की बोलणाऱ्याची परीक्षाच असते. ‘आज रात्री पाणी सुटतंय,’ असं कुणी म्हणालं की तीन प्रश्न हमखास येतात. तुला कोण म्हणालं? कुणी डोळ्यांनी पाहिलं का? आणि सुटलं तरी टेलला किती पोचणार? मग एक जण पाटकऱ्याला फोन लावतो, दुसरा मोटारसायकल काढून कालव्यावर चक्कर मारून येतो. पुढाऱ्याचा शब्द, पेपरातली बातमी, खात्याचं पत्रक, सगळं ऐकून घेतलं जातं. पण चारीत पाणी दिसल्याशिवाय कुणी कांदा लागणीला मजूर सांगत नाही.

तीच माणसं युद्धावर बोलू लागली की हे तिन्ही प्रश्न गळून पडतात. हे फक्त मिरजगावचं नाही. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतही तेच होतं. पण मिरजगावकडे निदान पाण्याची शिस्त आहे, म्हणून हे मी मिरजगावचं नाव घेऊन लिहितो आहे.

२०२५ चा उन्हाळा आठवा. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ जण मारले गेले, त्यात महाराष्ट्रातले सहा होते. संताप खरा होता, आणि तो असायलाच हवा होता. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूरमध्ये नऊ ठिकाणांवर हल्ले झाले. तिथपासून १० मेच्या संध्याकाळी गोळीबार थांबेपर्यंत गावोगावी ज्याच्या-त्याच्या फोनवर युद्धच युद्ध होतं. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं काही वृत्तवाहिन्यांनी छातीठोकपणे सांगितलं. तसं काही घडलं नव्हतं. संगणकावरच्या खेळातली दृश्यं खऱ्या लढाईची म्हणून फिरली. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, हा निरोप इतका पसरला की तो खोटा असल्याचं केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला जाहीर करावं लागलं. पाण्याच्या बाबतीत ज्याला आपण ‘कोण म्हणालं?’ असं विचारल्याशिवाय सोडलं नसतं, त्याचं हे सगळं आपण ऐकलं आणि पुढे ढकललं.

असं का होतं? पाणी आपल्या बांधावर येतं आणि युद्ध दूर कुठे तरी चालतं, अशी आपली समजूत आहे. नगर जिल्ह्यात तरी ही समजूत टिकू नये. नगर शहरात चिलखती दलाचं केंद्र आणि प्रशिक्षण शाळा आहे, यांत्रिकी पायदळाचं केंद्र आहे. के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव चालतो. याच रेंजसाठी आणखी जमीन जाणार, या धास्तीने राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतली गावं उठली होती. लष्कराबद्दल आदर आणि जमीन द्यायला विरोध, या दोन्ही गोष्टी त्या गावांनी एका तोंडाने बोलून दाखवल्या. त्यात देशद्रोह नव्हता, विसंगतीही नव्हती. ज्याची जमीन पणाला लागते, त्याचं मत आपोआप बारकाव्याचं होतं.

पणाला तर आपलंही लागलेलं असतं, फक्त ते विक्रीच्या पट्टीत दिसेपर्यंत कळत नाही. बांगलादेश हे वर्षानुवर्षे आपल्या कांद्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक राहिलं आहे. ५ ऑगस्ट २०२४ ला तिथलं सरकार कोसळलं, तेव्हा सीमेवरचा व्यापार काही दिवस थांबला आणि कांद्याच्या गाड्या अडकल्या. ‘त्यांच्याशी सगळे व्यवहार तोडा’ असं म्हणण्याचा हक्क कांदा उत्पादकालाही आहे, पण आपण स्वतःचं गिऱ्हाईक तोडायला सांगतो आहोत, हे त्याला माहीत असलं पाहिजे. माहीत असून तो तसं म्हणाला, तर त्या मताला मी मान देईन. तीच गोष्ट खताची. चीनने निर्यात आवळली आणि २०२५ च्या खरिपात डीएपीसाठी शेतकऱ्यांना दुकानं पालथी घालावी लागली. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा युरोपला जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. जगातल्या कुठल्याही लढाईचं टेल आपल्या शिवारात आहे.

तरीही काही शहाणे सांगतात, की खेड्यातल्या माणसाने युद्धाच्या आणि जगाच्या गोष्टी बोलूच नयेत, आपलं औत-पाणी बघावं. हे मला मुळीच मान्य नाही. याच जिल्ह्याने त्याला उत्तर देऊन ठेवलं आहे. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ हे वर्तमानपत्र सुरू केलं आणि पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते १९६७ पर्यंत चालवलं. या काळात दोन महायुद्धं होऊन गेली, स्वातंत्र्य आलं. पुण्या-मुंबईबाहेर, एका आडगावातून एक सत्यशोधक संपादक सावकारावर, भटशाहीवर, सरकारवर मत मांडत राहिला. १८६७ च्या कायद्याने वर्तमानपत्रावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव छापणं बंधनकारक होतं. त्यामुळे जे लिहिलं त्याला मालक होता. चुकलं तर दार ठोठावून जाब विचारता येत होता. आजच्या मतांना नेमकी ही मालकी उरलेली नाही. ‘आलंय म्हणून पाठवलं’ या तीन शब्दांत माणूस मोकळा होतो.

आणि बेवारस मताने माणसं मरतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा फोनवरून पसरली होती. मारले गेलेले पाचही जण भिक्षा मागत फिरणाऱ्या भटक्या समाजाचे, त्यातले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. त्या जमावातल्या एकानेही ‘कुणी डोळ्यांनी पाहिलं का?’ एवढं विचारलं असतं आणि बाकीचे थांबले असते, तर पाच घरांची कर्ती माणसं वाचली असती. शत्रू कोण, हे ठरवण्याची घाई सीमेवर असो की गावच्या बाजारात, ती सारखीच घातक असते.

राजकारणातही मताचं वजन कमी नाही. २०२४ च्या विधानसभेला मिरजगाव ज्यात येतं त्या कर्जत-जामखेड मतदारसंघाचा निकाल १,२४३ मतांनी लागला. एवढी मतं दोन-चार मोठ्या गावांच्या पारावर फिरू शकतात. टपरीवरचं बोलणं म्हणजे वेळ घालवणं, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

राहिला प्रश्न जिंकण्या-हरण्याचा. मिरजगावपासून खर्डा फार लांब नाही. तिथे ११ मार्च १७९५ ला मराठ्यांनी निजामाला पुरतं नमवलं. सगळे सरदार एका झेंड्याखाली लढले, असा तो शेवटचा मोठा प्रसंग. त्या संध्याकाळी कुणी म्हणालं असतं, की आता मराठी सत्तेला शंभर वर्षं मरण नाही, तर त्याला कुणी अडवलं नसतं. पण त्याच वर्षी सवाई माधवराव गेले, सरदार आपसात भांडले, आणि १२ ऑगस्ट १८०३ ला नगरचा किल्ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या हाती पडला. मध्ये आठ वर्षंच गेली होती. लढाई कोण जिंकलं, हे संध्याकाळी सांगता येतं. त्या विजयातून टेलला काय पोचलं, हे कळायला वर्षं जातात. मे २०२५ च्या चार दिवसांच्या संघर्षावर पाचव्या दिवशी अंतिम निकाल देणाऱ्यांनी, मग ते कुठल्याही बाजूचे असोत, खर्डा विसरू नये.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. युद्धावर बोला, सरकारवर बोला, शेजारी देशांवर बोला, जोरात बोला. पण पाण्यावर बोलता तसं बोला. कोण म्हणालं ते विचारा. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. आपण जे मागतो आहोत त्याची किंमत कोण मोजणार, हे आधी बघा; सैन्यात गेलेल्या पोराच्या आईसमोर जे बोलता येणार नाही, ते चौकातही बोलू नका. आणि ‘मला याची माहिती नाही’ असं चारचौघांत म्हणण्याची लाज सोडा. या दिवाळीत घरोघरी पुण्याहून, मुंबईहून, छावणीतून माणसं येतील, फराळाच्या ताटांभोवती हेच विषय निघतील. तिथे पोरांदेखत घरातल्या थोरल्याने एकदा तरी विचारावं, ‘तुला कोण म्हणालं?’ पोरं ते शिकतील.