वाया जाईल म्हणून

समोसा-जिलबीतल्या तेल-साखरेच्या फलकांवरून २०२५ मध्ये आठवडाभर एवढा गदारोळ झाला, पण फलकावर काय लिहायचं आहे हे वाचायला कुणाला फुरसत नव्हती. समोशावर आता सिगारेटसारखा इशारा छापणार, अशी आधी बोंब झाली. मग केंद्राचा खुलासा आला, की गाडीवाल्याला कुणी हात लावत नाही. सरकारी कचेऱ्यांची कॅन्टीन आणि बैठकीची दालनं, तिथे कशात किती तेल आणि किती साखर एवढंच लिहून लावायचं होतं. तोवर हे फलक लावणार म्हणून नागपूरच्या एम्सचं नाव देशभर झालं होतं आणि जिलबीच्या अस्मितेसाठी अशी माणसं मैदानात उतरली होती, जी एरवी कशासाठीच घराबाहेर पडत नाहीत. फलक लावायला सांगणाऱ्या आरोग्य खात्याच्या पत्रात दखल घेण्याजोगा आकडा निराळाच होता. वजन जास्त असलेले प्रौढ २०२१ साली देशात १८ कोटी होते, ते २०५० पर्यंत ४४.९ कोटींवर जातील, असा तो अंदाज. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. चर्चा झाली ती सबबींची. परंपरा झाली, 'एवढ्यानं काय होतंय' झालं, 'आमचे आजोबा वाटीनं तूप प्यायचे' हेही झालं. (प्यायचे, आणि मग दिवसभर नांगरामागे चालायचे.) या सबबींवर माझा फारसा राग नाही. आवडतं म्हणून खातो, एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात असतो. डोकं उठतं ते एका सबबीनं, जी हावरेपणाला सोवळं नेसवून पाटावर बसवते: 'टाकायचं कसं? वाया जाईल ना!'

कुठल्याही कचेरीतली बैठक संपतानाचं दृश्य घ्या. टेबलाच्या मधोमध कागदी बशीत दोन समोसे उरलेले, कागद तेलानं पारदर्शक झालेला, चिंचेच्या चटणीच्या कडा वाळत आलेल्या. दोन आधीच खाऊन झालेले एक गृहस्थ 'कुणी घेतंय का?' असं मोघम विचारतात आणि उत्तराची वाट न बघता म्हणतात, 'जाऊ दे, वाया जाण्यापेक्षा मीच संपवतो.' त्या 'मीच'वरचा जोर ऐकण्यासारखा असतो. घरादारावर तुळशीपत्र ठेवायला निघालेल्या माणसाच्या तोंडी शोभावा असा. मंगल कार्यालयात हाच त्याग सामुदायिक पातळीवर चालतो. चार गुलाबजाम आपल्याच हातानं घ्यायचे, तिसऱ्याला जीव घाबरा व्हायचा आणि चौथा 'अन्नाचा अपमान नको' म्हणून आत ढकलायचा. अनलिमिटेड थाळीच्या हॉटेलात या पुण्याला हिशेबाचीही जोड मिळते, कारण तिथे अन्नाबरोबर पैसेही वाया जाऊ द्यायचे नसतात. गंमत अशी, की ही कळकळ फार निवडक असते. काकडीच्या कोशिंबिरीचं भांडं जसंच्या तसं परत जातं, त्यासाठी कुणाचा जीव तुटत नाही. कारल्याची भाजी वाया जाईल म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. दुधीभोपळ्याला तर बहुधा पूर्णब्रह्मातून वगळलेलंच असावं. नासाडीची चिंता तळलेल्यापाशी सुरू होते आणि गोडापाशी कळसाला पोहोचते. लाइव्ह काउंटरसमोर अर्धा तास रांगेत उभं राहून मिळवलेला डोसा पोट भरलेलं असताना 'टाकवत नाही' म्हणणाऱ्याला एवढंच विचारावंसं वाटतं, की मग रांगेत लावलं कुणी होतं? पंगतीतला आग्रह हा अपराधच होता, पण निदान त्यातला अपराधी दुसरा असायचा.

आता सबब बाजूला ठेवून हिशेब बघू. समोसा तळून बशीत आला, तेव्हाच त्याचा बटाटा, मैदा, तेल आणि गॅस खर्ची पडला. ज्याला भूक नाही त्याच्या पोटात तो गेला काय किंवा ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेला काय, यातलं काहीही परत येत नाही. कुणा उपाशी माणसाच्या पानात त्यामुळे घासभरही जास्त पडत नाही. नासाडी होते ती ऑर्डर देताना, शिजवताना आणि वाढून घेताना. वीस माणसांच्या बैठकीला पन्नास समोसे सांगितले तेव्हाच दहा वाया गेले होते. पुढे ते कुठे गेले हा फक्त विल्हेवाटीचा प्रश्न. डब्यात टाकले तर नासाडी निदान डोळ्यांना दिसते, लाज वाटते आणि पुढच्या वेळी चाळीस सांगितले जातात. खाऊन टाकले तर बशी रिकामी होते, ऑर्डर देणाऱ्याला वाटतं आपला अंदाज बरोबर होता, आणि पुढच्या वेळी पुन्हा पन्नास येतात. म्हणजे ज्या नासाडीच्या नावानं आपण गळा काढतो, तिच्यावर पांघरूण घालण्याचं काम आपलंच पोट करत असतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतीय घरांमधली अन्नाची नासाडी माणशी वर्षाला ५५ किलो धरली आहे. तो आकडा टाकलेल्या अन्नाचा आहे. गरज नसताना गिळलेल्याची मोजदाद कुठल्याच अहवालात नसते; ती पॅन्टच्या शिंप्याकडे असते.

माणूस खरोखर तत्त्वापोटी जास्त खात असता, तर त्याच्याशी तत्त्वाचा वाद घालता आला असता. पण तत्त्व तिथे फार उशिरा पोहोचतं. किती खायचं हे पोट ठरवतं, हाच मुळात गैरसमज आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दोन रुग्णांविषयी लिहिलं. मेंदूला इजा झाल्यामुळे मिनिटांपूर्वीचं काही या दोघांच्या लक्षात राहत नसे. जेवण झाल्यावर दहा ते तीस मिनिटांत पुन्हा ताट समोर आलं, तर ते पुन्हा जेवत. तिसरं आलं, तर त्यालाही हात घालत. पोट भरल्याची खबर आतून येण्यापेक्षा 'आत्ताच जेवलोय' या आठवणीवर आपण किती विसंबून असतो, ते यातून कळतं. रील बघत जेवणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा. ताटाकडे लक्षच नसेल तर आठवण तयार कुठून होणार? दुसरा प्रयोग पॉपकॉर्नचा. डेव्हिड नील, वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची सवय असलेल्यांना काही ताजे, काही आठवडाभराचे शिळे पॉपकॉर्न दिले. शिळे आवडत नाहीत असं सांगत सांगत त्यांनी ते ताज्याइतकेच फस्त केले. तेच पॉपकॉर्न बैठकीच्या खोलीत दिले, तेव्हा शिळ्याकडे हात वळला नाही. थिएटरातसुद्धा नेहमीचा हात सोडून दुसऱ्या हातानं खायला लावल्यावर शिळे कमी खाल्ले गेले. थिएटरातला अंधार आणि सवयीचा हात, एवढ्यावर चवीचाही पराभव होतो. बार्बरा रोल्स यांच्या २००२ च्या प्रयोगात लोकांना चीज घातलेली मॅकरोनी कधी ५०० ग्रॅम दिली, कधी १००० ग्रॅम. मोठ्या वाढपात माणसं ३० टक्के जास्त खाऊन उठली, पोट भरल्याची भावना मात्र दोन्ही वेळा सारखीच. वाढप कमीजास्त होतं हे निम्म्याहून कमी लोकांच्या ध्यानात आलं. (या विषयातले सर्वांत लोकप्रिय प्रयोग कॉर्नेलच्या ब्रायन वान्सिंक यांचे आहेत. त्यांच्या संशोधनात गैरप्रकार झाल्याचं त्यांच्याच विद्यापीठानं २०१८ मध्ये जाहीर केलं, अनेक निबंध मागे घेतले गेले. म्हणून ते इथे नाहीत. व्हॉट्सअॅपवर ते अजून सुखानं नांदत आहेत.) या साऱ्याचा अर्थ असा, की हात आधी बशीकडे जातो आणि 'वाया जाईल' हे स्पष्टीकरण मागून धापा टाकत येतं.

पानात टाकू नये हा संस्कार आहे आणि त्याची अशी टिंगल करू नये, असा आक्षेप येणारच. संस्कार खरा आहे आणि तो कुठून आला हेही ठाऊक आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातलं एक जेवण सोडायला सांगितलं. १९७२ च्या दुष्काळात कामांवर खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळत होती आणि रेशनवरची लाल मिलो लोक नाक मुरडत पण खात होते. ज्या पिढीनं हे पाहिलं, तिनं पोरांना पान चाटूनपुसून लख्ख करायला लावलं यात नवल काय? अमेरिकेतही १९१७ साली महायुद्धाच्या टंचाईत हर्बर्ट हूवर यांच्या अन्नखात्यानं ताट रिकामं करण्याची मोहीम काढली होती. नियम टंचाईतला, आणि टंचाईत तो चोख होता, कारण पानात मुळातच मोजकं पडायचं. पान छोटं असलं की 'संपव' ही आज्ञा शहाणपणाची. पान हातभर रुंद झालं आणि वाढप आपल्याच हाती आलं की तीच आज्ञा आपल्याला ताटाची गुलाम करते. शिवाय परंपरेच्या पोतडीतून एकच वाक्य काढायचं आणि बाकीची झाकून ठेवायची, हे काही खरं नाही. आयुर्वेदाचार्य वाग्भटानं पोटाचे चार भाग सांगितले: दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक मोकळा ठेवायचा. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, असं गीतेतही बजावलेलं आहे. पण मंगल कार्यालयाच्या भिंतीवर या दोघांपैकी कुणाचाही फलक दिसत नाही.

गरीब देशात जास्त खाण्यावर लिहायचं, म्हणजे भरल्या पोटी केलेली उठाठेव, असंही म्हणतील. काही अंशी ते खरं आहे. पण भुकेचा आणि चरबीचा आपल्याकडचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचं दोघांचं मिळून एक छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली आलं. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच, बॉडी मास इंडेक्स २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आईच्या कुपोषणाची छाया पोराच्या शरीरावर पडते, हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांमधून वर्षानुवर्षं दाखवलं आहे. तेव्हा जिथे पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी गेल्या, तिथेच जादा घास जास्त महाग पडतो. राहिला कंपन्यांचा दोष. तो आहेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ मध्ये दाखवलं, की कारखान्यात घडवलेलं अन्न समोर ठेवलं तर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खातात, आणि तीही नकळत. त्या कंपन्यांना वेसण घालावी, फलकावर भागवू नये, हे मान्य. पण बैठकीतला तो समोसा बहुराष्ट्रीय नसतो.

एका ठिकाणी मात्र माझा आवाज खाली येतो. 'वाया जाईल' हे ज्याला मनापासून म्हणता येतं असं माणूस बहुतेक घरांत एकच असतं, आणि ते सगळ्यांच्या मागून जेवतं. रात्री साडेदहाला ओट्यापाशी उभं राहून पातेल्यातली दोन डाव आमटी, पोराच्या ताटलीतला अर्धा पोळीचा तुकडा, तळाला लागलेला भात ही बाई संपवत असते, कारण त्याशिवाय भांडी घासायला पडत नाहीत. तिच्यापुढे वाग्भट वाचायचं धाडस माझ्यात नाही. तिनं थोडं कमी शिजवावं, असं सुचवून बघा; त्याच रात्री दोन पाहुणे टपकतात आणि शब्द तिलाच लागतो. एरवी उरलेलं कसं खपवायचं हे या घरांना शिकवायची गरज कधीच नव्हती. फोडणीची पोळी, फोडणीचा भात, उरलेल्या आमटीत पीठ भिजवून लावलेली थालीपिठं, ही सगळी त्याच विवंचनेतून आली, आणि झकास आली. अडचण एवढीच, की रात्री बाहेर अन्नाच्या अपमानानं व्याकूळ होऊन तिसरा समोसा संपवून आलेले गृहस्थ सकाळी ताटलीत फोडणीची पोळी बघतात आणि नाक वर करून सांगतात, 'शिळं मी खात नाही.'