पैकीच्या पैकी मार्क

बस म्हणू नकोस मला. आधी समोर उभा राहा.

उष्णतेच्या धड्यावर पैकीच्या पैकी मार्क घेणारा तूच ना? मग नवतपाच्या भर दुपारी बैठकीच्या खिडक्या सताड उघडून ‘सर, जरा हवा येते’ हे कोणत्या तोंडानं सांगतोस? बाहेर पारा ४५ वर आहे. नागपुरात जन्म गेला तुझा, हवा कोणती अन् झळ कोणती एवढंही कळू नये? तुझी आजी शाळेची पायरी चढली नव्हती. पण सकाळी ऊन तापायच्या आत दारं-खिडक्या लोटायची आणि रात्री बाहेर गार झालं की उघडायची. तू रात्री बंद करून झोपतोस. डास येतात म्हणे! जाळी लाव.

आणि जिथे उघडं हवं, तिथे कडी! कूलर खोलीच्या आत ठेवून सगळं बंद. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी लागतात, हे फळ्यावर तूच लिहिलं होतंस. कूलरच्या ताट्यांवरच्या पाण्याला थोड्या जास्तच लागतात, आणि त्या ते हवेतून घेतं, म्हणून हवा गार होते. पण कोंडलेली हवा ओली झाल्यावर पाणी उडणार कसं? मुंबईत कूलर का चालत नाही, याचं उत्तर तेव्हा बरोबर दिलं होतंस. आता घरातच मुंबई करून बसलास! कूलर खिडकीत बाहेरून बसव, कोरडी हवा ओढू दे त्याला. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेव.

पश्चिमेला एवढी काच कोणी सुचवली? त्यात पडदा आतून. आत शिरलेलं ऊन पडदा परत पाठवणार आहे का? बाहेरून वाळ्याचा पडदा सोड.

कवेलूचं घर पाडून स्लॅब टाकलास, ठीक. तो दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत तुझ्या डोक्यावर ओकतो. गच्चीला चुन्याचे दोन हात दे; पांढऱ्यावरून ऊन परततं, हे सातवीतलं पोरगंही सांगेल.

गाडी लावायला कडुनिंब तोडलास, त्यावर मी बोलत नाही. बोललो तर चहा न घेता जाईन.

आणि आतल्या खोलीत पंखा कोणासाठी फिरतोय? पंखा हवा गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. रिकाम्या खोलीला घाम येतो का रे? जा, बंद करून ये. मग चहाचं बघू.